हरवलेली वस्तू आणि वाढते वय : एक चिंतन

निवासी शाळेत प्रथमच दाखल होणाऱ्या मुलाची पत्र्याची पेटी उघडून पाहिली, तर कपडे, ताट-वाटी, साबण, वह्या या यादीतील वस्तूंखेरीज तळाशी एखादी यादीबाहेरची वस्तू हमखास सापडते. कधी तो भोवरा असतो, कधी रंग उडालेली पत्र्याची गाडी, कधी काचेच्या चार गोट्या, कधी आजोबांचे बंद पडलेले घड्याळ, तर कधी ओढ्यात सापडलेला एक गुळगुळीत दगड. बाजारात तिला मोल नसते. मुलाच्या लेखी मात्र पेटीतील बाकी सारे सामान एकीकडे आणि ती वस्तू एकीकडे असते. अशी वस्तू बहुधा फार दिवस टिकत नाही. ती आंघोळीच्या हौदापाशी विसरते, मैदानात पडते, सुट्टीला जाताना एसटीत राहते, अथवा कुणीतरी उचलून नेते.

मोठ्यांच्या व्यवहारात या हरवण्याची नोंद होत नाही. गृहपालांच्या वहीत ती जात नाही आणि घरी कळविण्याजोगी बाबही कुणास वाटत नाही. मुलाच्या आयुष्यात मात्र अनेकदा तो पहिलाच वियोग असतो. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांनी तो बालपणी सोसला असेल. आज तेच वाचक पालक, शिक्षक किंवा आजी-आजोबा या नात्याने तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने पाहत असतील. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या लहानशा विषयाचा जरा सविस्तर विचार करू इच्छितो. लाडकी वस्तू हरवल्याने मूल मोठे होते काय, आणि होत असेल तर नेमके कशाने, हा आमचा प्रश्न आहे.

आमचे मत आरंभीच सांगतो. नुसत्या हरवण्याने कोणी मोठे होत नाही. वस्तू हरवल्यानंतर भोवतालची मोठी माणसे मुलाशी कशी वागतात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. अशा वेळी मोठी माणसे बहुधा तीनपैकी एक गोष्ट घाईने करतात. ती हसण्यावारी नेतात, दुसरी वस्तू आणून देतात, किंवा उपदेश करतात. तिन्हींचा हेतू वाईट नसतो. पण तिन्हींमुळे मुलाचे दुःख अर्ध्यावर तुटते आणि त्यातून जे उमजायचे ते उमजत नाही. या तिन्ही प्रतिसादांविषयी आपल्या देशातील जुन्या वाङ्मयाने फार मार्मिक असे सांगून ठेवले आहे. त्याचाच आधार येथे घेतला आहे.

वस्तू एवढी लाडकी का होते?

प्रथम वस्तूचाच विचार करू. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1951 साली एक निबंध सादर केला. तान्ही व लहान मुले एखादे पांघरुणाचे टोक, एखादे चिरगूट किंवा मऊ खेळणे कवटाळून का झोपतात, हा त्याचा विषय होता. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. आई आणि आपण एकच आहोत असे प्रथम बाळाला वाटत असते. आई वेगळी आहे, ती दूर जाऊ शकते, हे हळूहळू ध्यानी येऊ लागते. या दोन अवस्थांमधील वाट चालताना बाळ एका वस्तूचा आधार घेते. ती वस्तू म्हणजे आई नव्हे, परंतु आईची आठवण तिच्यात असते. म्हणूनच ती धुतलेली मुलाला चालत नाही. धुतल्याने तिचा वास जातो आणि वासाबरोबर ओळखही जाते.

हे समजण्यास आपल्याला परदेशी उदाहरणाची गरज नाही. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी आपल्या घरोघरी आहे. वसतिगृहात नवी चादर मिळाली तरी पहिल्या महिन्यात मूल ती बाजूस सारून गोधडीच ओढून घेते, कारण त्या कापडात घर असते. पुढे भोवरा, पेन, घड्याळ यांनाही तोच मान मिळतो. भोवरा मामाने करून दिलेला असतो, पेन वडिलांनी मजुरीच्या पैशातून घेतलेला असतो. वस्तू हरवते तेव्हा मूल त्या माणसापासून दुसऱ्यांदा दुरावते. हे ध्यानात घेतले म्हणजे दोन रुपयांच्या गोटीसाठी दोन दिवस न जेवणाऱ्या मुलाचा राग येत नाही.

विनिकॉट यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली आहे. मूल निकोप वाढत असेल तर अशा वस्तूचे महत्त्व कालांतराने आपोआप ओसरते. तिच्यासाठी शोक होत नाही आणि ती विसरलीही जात नाही; ती केवळ मागे पडते. हे मागे पडणे आणि हरवणे यांतील भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिला प्रतिसाद : हसण्यावारी नेणे

“एवढ्या गोटीसाठी रडतोस? मोठा झालास ना आता!” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे आणि बहुतेकांनी उच्चारलेही आहे. मोठे होणे म्हणजे खेळण्याचे प्रेम सुटणे, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे?

मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात मनुष्याच्या वाढीचे एक वर्णन आले आहे. गर्भधारणा, जन्म, आईच्या दुधावर होणारे पोषण, आणि त्यानंतर खेळण्याचे वय. या वयातील खेळ व खेळणी तेथे नावानिशी दिली आहेत. वंकक म्हणजे लहानसा नांगर. घटिक म्हणजे लांब दांडूने आखूड दांडी टोलविण्याचा खेळ. म्हणजे आपला विटीदांडूच. मोक्खचिक म्हणजे कोलांट्या. चिंगुलक म्हणजे पानाचे भिरभिरे. पत्ताळ्हक म्हणजे पानांची केलेली मापे, ज्यांनी मुली भातुकलीत धान्य मोजत असतील. रथक म्हणजे छोटी गाडी आणि धनुक म्हणजे धनुष्य. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशाची परंपरा सांगणाऱ्या ग्रंथात आपल्या अंगणातील खेळ असे भेटतात, याचा आनंद वाटतो.

परंतु ही यादी तेथे आनंदासाठी दिलेली नाही. तिच्या पुढचा टप्पा महत्त्वाचा आहे. मूल आणखी वाढते, त्याची इंद्रिये परिपक्व होतात आणि मग ते रूप, शब्द, गंध, रस व स्पर्श यांच्या सुखांत रमू लागते. खेळण्यांचा टप्पा संपून शहाणपणाचा टप्पा आला, असे सुत्त म्हणत नाही. एका वस्तूतून मन निघाले आणि दुसऱ्या वस्तूत जडले, एवढेच ते दाखविते. वय वाढले, आसक्तीचे विषय बदलले. आसक्ती तशीच राहिली.

ही गोष्ट आपण आपल्याच घरात तपासून पाहू शकतो. मोबाइल हरवल्यावर मोठ्या माणसाची जी अवस्था होते, ती भोवरा हरवलेल्या मुलापेक्षा फारशी वेगळी नसते. बांधावरच्या हातभर जमिनीसाठी भावाभावांत वर्षानुवर्षे बोलणे नसते. पद गेले म्हणून माणसे आजारी पडतात. तेव्हा मुलाच्या गोटीला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी थोड्यांनाच पोहोचतो. मुलाला हसण्याने ते मोठे होत नाही. आपले दुःख लपवावयास तेवढे शिकते. वसतिगृहातील रात्री ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना पांघरुणात तोंड दाबून रडणे म्हणजे काय हे सांगावयास नको.

सुटणे आणि हरवणे

याच विषयावर संयुत्त निकायात एक अप्रतिम उपमा आहे. भिक्खू राधाला उद्देशून केलेल्या उपदेशात, राध संयुत्तातील सत्त सुत्तात, ती आली आहे. लहान मुले-मुली मातीची घरे करून खेळत असतात. जोवर त्या घरांविषयी त्यांच्या मनात ओढ, प्रेम आणि तहान असते, तोवर ती मुले त्या घरांना जपतात, धनासारखी मानतात, ‘माझे माझे’ म्हणतात. ती ओढ संपली की तीच मुले हातांनी आणि पायांनी ती घरे विस्कटून टाकतात, मोडून टाकतात. त्यांच्याशी खेळणेच थांबवितात. राधाला सांगितले ते असे की, रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांविषयीची आसक्तीही अशीच विस्कटून टाकावी.

या उपमेतील एक बारकावा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाचा आहे. घर कोण मोडते? वाऱ्याने ते पडत नाही, शेजारचा मुलगा लाथ मारीत नाही, आई येऊन पुसून टाकीत नाही. ज्यांनी बांधले तीच मुले मोडतात, आणि तीही ओढ संपल्यानंतर. येथे शोक नाही. विनिकॉट ज्याला वस्तूचे मागे पडणे म्हणतात, त्याच्या जवळचीच ही अवस्था आहे.

वस्तू हरवते तेव्हा क्रम उलट होतो. ओढ शिल्लक असते आणि वस्तू नाहीशी होते. हात रिकामा होतो, मन भरलेलेच राहते. म्हणून ज्या मुलाची गाडी त्याच्या मनातून उतरली आणि ज्या मुलाची गाडी हरवली, त्या दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिल्याला कोणाच्या मदतीची गरज नाही. दुसऱ्याला उरलेल्या ओढीचे काय करावे हे कळत नसते, आणि तेथेच मोठ्यांची खरी परीक्षा असते.

दुसरा प्रतिसाद : भरपाई

रिकाम्या हातात चटकन दुसरी वस्तू ठेवणे, हा प्रेमळ माणसांचा उपाय आहे. “रडू नकोस, याहून चांगली आणू.” या उपायाचे फलित पाहण्यासाठी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाकडे वळू. गोविंद बल्लाळ देवलांनी ते संगीत नाटकाच्या रूपाने मराठी रंगभूमीवर आणल्याने त्याचे कथानक पुष्कळांना परिचित आहे. नाटकाच्या नावातील मातीची गाडी मात्र बहुतेकांच्या स्मरणात पुसट असते.

सहाव्या अंकातील तो प्रसंग असा. चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या श्रीमंत मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला. त्या मुलाने आपली गाडी परत नेली. रोहसेन हट्ट धरून बसला. घरात दारिद्र्य आलेले; तेव्हा दासी रदनिकेने त्याला मातीची गाडी करून दिली. त्याला ती नको होती, सोन्याचीच हवी होती. वसंतसेनेने त्याला जवळ घेतले. ‘ही तुझी आई’ असे रदनिका सांगते, तेव्हा मूल म्हणते की, ही आमची आई असेल तर हिच्या अंगावर दागिने कसे? लेकराच्या तोंडचे हे बोल ऐकून वसंतसेनेचे डोळे भरून येतात. ती अंगावरचे दागिने उतरवते, मातीच्या गाडीत भरते आणि यांची सोन्याची गाडी करून घे, असे सांगते.

वसंतसेनेच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरी नाटककाराने पुढे काय केले ते पाहावे. नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आरोप होतो. तेच दागिने परत करावयास निघालेला मैत्रेय न्यायसभेत येतो, झटापटीत दागिने त्याच्या काखेतून खाली पडतात आणि तोच चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतो. मुलाचे रडे थांबविण्यासाठी दिलेले सोने बापाला वधस्तंभाकडे नेते. हे कथानकाचे वळण आहे, नीतिपाठ नव्हे, हे आम्ही जाणतो. पण गरीब घरातील मुलाच्या प्रत्येक हट्टासाठी कर्ज काढणाऱ्या पालकांना त्यातून काहीतरी ओळखीचे दिसेल.

नाटक येथे थांबत नाही. दहाव्या अंकात हाच रोहसेन वधस्थानाच्या वाटेवर बापाला भेटतो आणि मारेकऱ्यांना म्हणतो की, मला मारा, माझ्या बाबांना सोडा. चार अंकांपूर्वी दुसऱ्याच्या गाडीसाठी रडणारे मूल ते हेच. सोन्याच्या गाडीने त्याला मोठे केले नाही. जे खरोखर हरवणार होते ते डोळ्यांपुढे उभे राहिले, तेव्हा गाडीचे स्थान त्याचे त्यालाच कळले. पुढे वसंतसेना जिवंत परतते. तिचा जीव वाचविणारा आणि तिला तेथवर आणणारा एक बौद्ध भिक्खू आहे, हेही या ठिकाणी नमूद करण्यासारखे आहे.

भरपाई निरर्थक असते असे आमचे म्हणणे नाही. भरपाई वस्तूची किंमत चुकती करते. वस्तूशी असलेले नाते ती चुकते करू शकत नाही. बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे आठवतो. 1917 साली ते लंडनहून परतले, तेव्हा ग्रंथांसह त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. पहिले महायुद्ध चालू होते. ती बोट बुडविली गेली आणि हालअपेष्टा सोसून जमविलेले ग्रंथ समुद्रतळाशी गेले. विम्याची भरपाई मिळाली. परंतु त्या हानीला खरे उत्तर त्यांनी स्वतःच दिले. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले, अपुरे राहिलेले शिक्षण पुरे केले, पुन्हा ग्रंथ जमविले आणि पुढे दादरला राजगृह बांधले ते त्या ग्रंथांना घर मिळावे म्हणून.

तिसरा प्रतिसाद : उपदेश

आता तिसऱ्या प्रतिसादाकडे येऊ. तो आपल्यासारख्या शाळेत विशेष जपून वापरावा लागतो, कारण अनित्यतेचा विचार आपल्या रोजच्या ऐकण्यातला आहे. ‘सारे काही नाशवंत आहे, मग एका पेनाचे काय?’ हे वाक्य सत्य आहे. तरी रडणाऱ्या मुलाला ते ऐकविले, तर सत्याचा उपयोग तोंड बंद करण्यासाठी केला असे होते.

मज्झिम निकायातील पियजातिक सुत्त या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. एका गृहस्थाचा एकुलता एक मुलगा मरण पावतो. तो स्मशानात जाऊन मुलाला हाका मारीत फिरतो, त्याला कामधंदा सुचत नाही. तो भगवंतांकडे येतो. प्रिय गोष्टींतूनच शोक उत्पन्न होतो, हे सत्य भगवंत त्याला सांगतात. त्याला ते पटत नाही. प्रिय गोष्टींतून तर आनंद मिळतो, असे म्हणून तो नाराज होऊन निघून जातो. जवळच जुगारी फासे खेळत असतात. ते त्याच्या मताशी सहमत होतात आणि तो समाधानाने वाट धरतो. साक्षात बुद्धाचे वचनही शोकाच्या भरात मनात उतरले नाही, हे सुत्तकारांनी लपविलेले नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाचे आम्हाला फार मोल वाटते.

पुढे तीच वार्ता कोसलच्या राजवाड्यात पोहोचते. राजा प्रसेनजितालाही ते वचन पटत नाही. राणी मल्लिका वाद घालीत नाही. ती राजाला विचारते : राजकुमारी वजिरी तुम्हाला प्रिय आहे ना? तिच्यात काही पालट झाला, तिला काही झाले, तर तुम्हाला दुःख होईल की नाही? मग ती इतर प्रियजनांविषयी, स्वतःविषयी आणि काशी-कोसलच्या राज्याविषयी एकेक प्रश्न विचारते. राजा उत्तरे देतो आणि उत्तरे देता देताच त्याला अर्थ कळतो. वचन तेच होते. मल्लिकेने ते राजाच्या स्वतःच्या जिव्हाळ्यातून त्याच्यापर्यंत नेले.

किसा गोतमीची कथाही याच अंगाने पाहावी. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या मातेला भगवंतांनी प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, त्या घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. ती श्रावस्तीत दारोदार फिरली. मोहरी प्रत्येक घरात होती, पण मृत्यू न पाहिलेले घर एकही नव्हते. जे कळायचे ते तिला चालता चालता, दुसऱ्यांच्या दारात उभे राहून कळले. एका मातेच्या शोकाशी खेळण्याच्या दुःखाची तुलना आम्ही करीत नाही. रीत मात्र लहान दुःखालाही लागू आहे : प्रथम त्या माणसाचे दुःख खरे मानावे, त्याला काहीतरी करावयास द्यावे आणि ते करता करता इतरांचे दुःख त्याच्या दृष्टीस पडेल असे पाहावे.

हमीदचा चिमटा

उरलेल्या ओढीचे काय करावे, या प्रश्नाचे सर्वांत हृद्य उत्तर प्रेमचंदांच्या 1933 सालच्या ‘ईदगाह’ कथेत मिळते. चार-पाच वर्षांचा अनाथ हमीद आजी अमीनासह राहतो. ईदच्या जत्रेत त्याच्याजवळ अवघे तीन पैसे. बरोबरची मुले मातीची खेळणी घेतात : कुणी शिपाई, कुणी भिश्ती, कुणी वकील. हमीदलाही ती हवीशी वाटतात. पण भाकरी करताना आजीची बोटे तव्यावर भाजतात, हे त्याला आठवते आणि तो लोखंडाचा चिमटा घेतो. घरी पोहोचल्यावर भिश्ती फुटतो, वकील पडतो, शिपायाचा पाय मोडतो. चिमटा टिकतो. आजी आधी रागावते, मग तिला उमगते आणि ती लहान मुलीसारखी रडू लागते.

हमीदची ओढ मेलेली नव्हती. तिची दिशा बदलली. खेळण्याविषयी वाटणारे प्रेम आजीच्या भाजलेल्या बोटांकडे वळले. मोठे होणे ते हेच, असे आम्हाला वाटते. प्रेम आटल्याने कोणी प्रौढ होत नाही. वस्तूला ‘माझी’ म्हणणारी पकड सैल होऊन तीच माया माणसांकडे वाहू लागली म्हणजे मूल वयात आले.

तरीही या कथेपाशी जरा थांबावे लागते. पाच वर्षांच्या मुलाला असे शहाणपण यावे, ही कौतुकाची बाब आहे तशीच दुःखाचीही आहे. ऊसतोडीच्या फडावरून, वीटभट्टीवरून, शहरातील वस्त्यांतून आपल्या शाळांत येणाऱ्या मुलांत असे हमीद पुष्कळ असतात. ती हट्ट करीत नाहीत, काही मागत नाहीत, हरवले तरी सांगत नाहीत. त्यांना ‘समजूतदार’ म्हणून आपण शाबासकी देतो. अशा मुलांना खेळण्याचाही हक्क आहे आणि हरवल्यावर रडण्याचाही. लवकर मोठ्या झालेल्या मुलाला थोडा काळ लहान राहू देणे, हेही निवासी शाळेचे कर्तव्य आहे.

व्यवहारात काय करावे?

या चिंतनातून पालक, शिक्षक व गृहपाल यांच्यासाठी काही गोष्टी निघतात, त्या थोडक्यात मांडतो.

एक, शोधण्यास मदत करावी. वस्तू सापडणार नाही हे ठाऊक असले तरी मुलाबरोबर मैदानाची एक फेरी मारावी. त्या फेरीत मुलाला कळते की, आपले दुःख कोणीतरी खरे मानले.

दोन, विचारावे आणि ऐकावे. ती कुणी दिली होती? तिच्याशी तू काय खेळायचास? या प्रश्नांची उत्तरे देताना मूल वस्तूकडून देणाऱ्याकडे वळते. भोवरा गेला; पण तो करून देणारा मामा आहे, त्याची कला आहे, आणि ती शिकता येते, हे त्याचे त्यालाच सुचते. मल्लिकेची रीत ती हीच.

तीन, घाईने बदली वस्तू देऊ नये. काही दिवस जाऊ द्यावेत. पुढे दिलीच तर ‘त्याच्या बदली’ म्हणून देऊ नये. नवी म्हणून द्यावी. भेटीच्या दिवशी पालकांनी महागड्या वस्तूचे वचन देऊन अपराधीपणा फेडण्याचा प्रयत्न करू नये. हाताने लिहिलेले चार ओळींचे पत्र पुष्कळदा अधिक काम करते.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, संशय जपून घ्यावा. वसतिगृहात वस्तू नाहीशी झाली की बोट प्रथम कुणाकडे जाते? ज्याच्या अंगावरचे कपडे जुने, ज्याचे आईबाप दूरच्या वस्तीवरचे, ज्याच्या भेटीला कोणी येत नाही, त्याच्याकडे. आपल्या समाजाने जन्मावरून येणारा संशय पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. एका पेनापायी एखाद्या निरपराध मुलाची झडती चारचौघांत झाली, तर त्याचे जे हरवते ते कोणत्याही हौदापाशी पुन्हा सापडत नाही. ज्याने खरोखर उचलले असेल, त्याच्याशीही एकांतात बोलावे. अनेकदा त्याला वस्तू नको असते. त्या वस्तूमागची माया त्याला मिळालेली नसते. परत करण्याची वाट त्याच्यासाठी उघडी ठेवावी. व्हरांड्यात एक ‘सापडलेल्या वस्तूंची पेटी’ ठेवली आणि तीत कोणी काय टाकले हे विचारले नाही, तर अनेक वस्तू मुकाट्याने परत येतात.

पाच, वाढत्या वयाच्या मुलांना धाकट्यांच्या शोधात सहभागी करावे. दहावीतील मुलाने पाचवीतील मुलाची गोटी शोधावी. ज्याने स्वतः कधी काही हरवले आहे, त्याला ते काम शिकवावे लागत नाही. गोतमीला दारोदार जे दिसले, त्याचा लहानसा अंश त्यालाही दिसतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हे वाचताना आपापली एखादी वस्तू आठवली असेल. ती आज कुठे असेल, याचा पत्ता लागणार नाही आणि लागण्याची गरजही नाही. पण ती हरवली तेव्हा जवळ येऊन कोण बसले होते, हे मात्र बहुतेकांना नेमके आठवत असेल : वरच्या वर्गातला एखादा मुलगा, स्वयंपाकघरातील मावशी, दिवे मालविल्यावर कंदील घेऊन परत आलेले गुरुजी. वस्तू देणारा विसरला गेला असेल, बसणारा विसरला जात नाही. येत्या जूनमध्ये नव्या पत्र्याच्या पेट्या पुन्हा उघडतील आणि त्यांच्या तळाशी पुन्हा अशाच यादीबाहेरच्या वस्तू असतील. त्यांतल्या काही हरवतील. त्या वेळी त्या मुलांशेजारी बसावयास आपल्यापैकी कोणीतरी असावे, एवढीच या लेखामागची आमची इच्छा आहे.